गाठ शिजली का?

फेब्रुवारी-मार्चात हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या शिवारातून जाताना वाऱ्यावर उकडलेल्या हळदीचा वास येतो. काढलेली ओली हळद कुकरच्या ड्रममध्ये भरलेली असते, खाली जाळ धडधडत असतो, झाकणाच्या कडेने वाफ निघत असते. अंदाजाने वेळ झाली की जाणता माणूस झाकण उघडतो, एक हळकुंड बाहेर काढतो आणि त्यात काडी टोचतो. काडी सहज आरपार गेली तर हळद शिजली. मध्येच अडली तर अजून कच्ची आहे, झाकण पुन्हा लावायचं. ही काडी लागते, कारण नुसतं बघून कळत नाही. कच्चं हळकुंड आणि शिजलेलं हळकुंड, दोघांची लांबी-जाडी जवळपास सारखीच. फरक सगळा आत. शिजलेलं हळकुंड पुन्हा कधी उगवत नाही, म्हणून बेण्यासाठी ठेवलेली हळद कोणी कुकरजवळ नेत नाही.

यकृताच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया न करता जे उपचार होतात, त्यांच्यानंतर डॉक्टरांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. गाठ पोटातच आहे. ती कापून काढलेली नाही; जागच्या जागी जाळली आहे, तिचं रक्त तोडलं आहे किंवा तिला किरणोत्सर्गाने मारलं आहे. आता ती मेली की नाही, हे ठरवायचं कसं? पोटात काडी टोचून पाहण्याची सोय नसते. त्या काडीचं काम आज मुख्यत्वे एमआरआय करतं.

समजा, सेनगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या यकृतातली २.८ सेंटिमीटरची गाठ सुई घालून जाळली. महिन्याने तपासणी झाली. घरातला शिकलेला मुलगा रिपोर्ट उघडतो, इंग्रजी मजकुरातले आकडे शोधतो आणि त्याला दिसतं ४.३ सेंटिमीटर. गाठ वाढली! घरात चूल पेटत नाही. आणि त्याच रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं की जिवंत कॅन्सर दिसत नाही, म्हणजे उपचार उत्तम झाला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं तर असे बरेच अश्रू वाचतील.

आधी, गाठ कापून का काढत नाहीत, हे पाहायला हवं. यकृतातच जन्मणाऱ्या कॅन्सरचा सर्वांत मोठा प्रकार म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं 'एचसीसी'. जगात २०२२ या एका वर्षात यकृताच्या कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार माणसं त्याने गेली. नव्या रुग्णांच्या संख्येत हा कॅन्सर सहावा, पण मृत्यूंच्या संख्येत तिसरा. कारण तो बहुधा धडधाकट यकृतात येत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंनी, दारूने किंवा साखर आणि चरबीच्या जोडीने यकृत वर्षानुवर्षं झिजतं, त्यात चिवट व्रण पडत जातात, त्याचं सिरॉसिस होतं आणि त्या खडबडीत जमिनीत ही गाठ उगवते. म्हणजे रुग्णाला एकाच अवयवाचे दोन आजार असतात. कापायला गेलं, तर उरलेला तुकडा शरीराचं काम पेलेल याची खात्री नसते. पोटात पाणी झालेलं, रक्त गोठण्याची ताकद कमी झालेली, अशा माणसाच्या यकृतावर सुरी चालवणं अनेकदा गाठीपेक्षा धोक्याचं ठरतं. यकृत बदलणं हा उत्तम मार्ग, पण त्यासाठी दाता लागतो, पैसा लागतो आणि वेळ लागतो.

म्हणून बाकीच्या वाटा.

पहिली वाट जाळण्याची. सोनोग्राफीत किंवा सीटीत बघत बघत एक सुई कातडीतून थेट गाठीत नेतात आणि तिच्या टोकाशी रेडिओ लहरींनी किंवा मायक्रोवेव्हने उष्णता निर्माण करतात. ६० अंश सेल्सियसच्या वर गेलं की पेशीतली प्रथिनं अंड्यातल्या बलकासारखी थिजतात आणि पेशी जागीच मरते. हे शब्दशः शिजवणंच आहे. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीवर हा उपचार सर्वांत चांगला चालतो. शहाणा डॉक्टर गाठीच्या मापाचाच भाग जाळून थांबत नाही. चारी बाजूंनी पाच ते दहा मिलिमीटरचं निरोगी यकृतही जाळतो, कारण गाठीच्या कडेला डोळ्यांना न दिसणारी पिल्लं लपलेली असू शकतात. सेनगावच्या त्या मुलाने वाचलेला ४.३ हा आकडा इथून आला. ते गाठीचं माप नव्हतं, जळलेल्या जागेचं होतं. ती जागा मूळ गाठीपेक्षा मोठी असायलाच हवी. उलट ती २.८ भरली असती, तर काळजी करावी लागली असती.

दुसरी वाट रक्त तोडण्याची, आणि ती समजून घेताना यकृताची एक खास गोष्ट कळते. बहुतेक अवयवांना धमनीतून रक्त मिळतं. यकृताला दोन ठिकाणांहून मिळतं: सुमारे पाव हिस्सा धमनीतून, आणि पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून, अन्नरस घेऊन. निरोगी यकृत मुख्यत्वे पोर्टल व्हेनवर जगतं. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. शेतात पाटाचं पाणी सगळ्या पिकाला जातं आणि एखादं तण मात्र थेट विहिरीच्या पाइपाला तोंड लावून बसतं, असा हा प्रकार. मग पाइप बंद केला तर तण मरेल आणि पीक पाटावर जगेल. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत, तिथून गाठीच्या फांदीपर्यंत नेतात, तिथे कॅन्सरचं औषध सोडतात आणि मागोमाग ती फांदी बुजवतात. या उपचाराला रुग्ण आणि डॉक्टर दोघंही 'टेस' म्हणतात. २००२ साली बार्सिलोना आणि हाँगकाँग इथे झालेल्या दोन चाचण्यांनी यामुळे निवडक रुग्णांचं आयुष्य वाढतं, हे दाखवून दिलं.

त्या औषधाबरोबर बहुधा एक तेल मिसळलेलं असतं, लिपिओडॉल. हे तेल कशाचं? खसखशीचं. मार्सेल गेर्बे या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १९०१ साली खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून ते बनवलं आणि शंभर वर्षांनंतरही ते वापरात आहे. गाठ ते तेल धरून ठेवते. या तेलाचा पुढे तपासणीशी मोठा संबंध येणार आहे.

तिसरी वाट किरणोत्सर्गाची. त्याच धमनीतून यिट्रियम-९० भरलेल्या सूक्ष्म गोळ्या सोडतात. एकेक गोळी केसापेक्षाही बारीक. त्यातून निघणारे किरण ऊतीत सरासरी अडीच मिलिमीटर जातात, म्हणजे गाठीत बसून गाठीलाच भाजतात, आणि दर ६४ तासांनी त्यांचा जोर निम्मा होतो. परदेशातून येणाऱ्या या गोळ्या फार महाग. तुर्भ्याच्या भाभा अणू संशोधन केंद्राने काचेच्या देशी गोळ्या तयार केल्या आहेत, त्यांचं नाव 'भाभास्फिअर'. बाहेरून नेमका किरणांचा झोत टाकण्याचीही पद्धत आहे.

आता मूळ प्रश्न. या तिन्ही वाटांनंतर गाठ तिथेच असते.

कॅन्सरच्या औषधांचा परिणाम मोजण्याची जगभरची रूढ पद्धत मापपट्टीची होती. २००० साली ठरलेल्या 'रेसिस्ट' नियमांनुसार गाठींच्या लांबीची बेरीज ३० टक्के घटली तर उपचार लागू पडला, २० टक्के वाढली तर आजार पुढे गेला. फुप्फुसाला, स्तनाला हे बऱ्यापैकी लागू होतं. यकृतात मात्र ही पट्टी फसवते. मेलेली गाठ महिनोन् महिने त्याच मापाची राहू शकते. २००० साली बार्सिलोनात जमलेल्या युरोपातल्या यकृततज्ज्ञांनी हे ओळखलं आणि गाठीचा जिवंत भाग किती उरला तो मोजा, असं सांगितलं. २०१० साली रिकार्डो लेंचिओनी आणि जोसेप ल्योव्हेट यांनी त्याला नियमांचं रूप दिलं. मोजायची ती गाठीतली फक्त तेवढीच जागा, जी धमनीचं रक्त अजून पिते आहे.

मापपट्टी किती चुकते, याचं सर्वांत बोलकं उदाहरण सोराफेनिब या गोळीचं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या मोठ्या चाचणीत फक्त २ टक्के रुग्णांच्या गाठी नियमाप्रमाणे आक्रसल्या. आकाराकडेच पाहिलं असतं, तर ही गोळी कचऱ्यात गेली असती. पण ती घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण १०.७ महिन्यांहून जास्त जगले आणि न घेणाऱ्यांपैकी निम्मे ७.९ महिन्यांहून. गाठी त्याच मापाच्या, पण त्यांचा जोर मोडलेला. महाराष्ट्राला ही गोळी आणखी एका कारणाने लक्षात राहावी. बायर कंपनीची ही गोळी भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत असे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तीच गोळी ८,८८० रुपयांत विकता आली. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानेही तो परवाना कायम ठेवला. एखाद्या उपचाराचं मोल ठरवताना गाठ किती सेंटिमीटर आक्रसली एवढंच बघितलं, तर माणसाच्या हाती काय आलं असतं आणि काय निसटलं असतं, ते या गोळीच्या कहाणीत दिसतं.

तर गाठ अजून रक्त पिते आहे का? तपासणी म्हणजे या एका प्रश्नाचा पाठलाग. एमआरआयच्या खोलीत तो कसा होतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

रुग्ण चार-सहा तास उपाशी असतो. अंगावरचा धातू काढून ठेवलेला. साखळी, करदोट्यातली पेटी, खिशातली नाणी, सगळं. हृदयात पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे दोनदा विचारलं जातं, कारण समोरच्या यंत्रातलं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा ३० हजार पट ताकदीचं आहे. त्याच्या तारा द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवलेल्या असतात, आणि चुंबक रात्री यंत्र चालत नसतानाही चालू असतं. हाताच्या शिरेत सुई, पोटावर पट्ट्यासारखी कॉइल, कानात बोळे. मग पाट सरकतो आणि रुग्ण बोगद्यात जातो. ठक-ठक, घर्र-घर्र असा आवाज सुरू होतो. माइकमधून सूचना येते: "श्वास घ्या... सोडा... आता रोखा." पंधरा-वीस सेकंद. "घ्या श्वास."

आधी साधी चित्रं निघतात. मग शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध जातं, दहा-पंधरा मिलिलिटर. गॅडोलिनियम हा धातू चुंबकाला उत्तर देणारा. तो घेऊन रक्त जिथे पोचतं ती जागा चित्रात पांढरी उजळते. आता घड्याळ सुरू झालं. ३० ते ४० सेकंदांच्या आसपास औषध धमनीतून यकृतात शिरलेलं असतं, पण पोर्टल व्हेनमधून पुरतं आलेलं नसतं. हाच तो क्षण. यकृत अजून राखाडी आहे आणि धमनीवर जगणारी गाठ एखाद्या दिव्यासारखी पेटते. ७० सेकंदांच्या सुमारास पोर्टल व्हेनचं रक्त सगळीकडे पोचतं, यकृत उजळतं आणि गाठीतलं औषध धुऊन निघू लागतं. मघाची पांढरी गाठ आता भोवतालापेक्षा काळी. तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा एक चित्र. आधी पेटणं, मग विझणं, हा एचसीसीचा जणू अंगठा आहे. उपचारानंतर त्याच जागी पेटणं दिसलं नाही, सगळी गाठ काळीच राहिली, तर तिला रक्त नाही. ती मेली.

म्हणून पहिल्या त्या श्वासाला इतकी किंमत आहे. धमनीचा तो क्षण पुन्हा येत नाही. त्याच वेळी रुग्णाने श्वास सोडला किंवा खोकला, तर यकृत सरकतं, चित्र फिसकटतं आणि सगळा प्रश्न अनुत्तरित राहतो. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर लांब भुजांची लायगो वेधशाळा उभी राहते आहे. दूरच्या कृष्णविवरांच्या धडकेतून आलेली अवकाशाची थरथर तिला टिपायची आहे, आणि तिची जागा निवडताना जमीन किती शांत आहे हे कसून पाहिलं गेलं. फार बारीक गोष्ट ऐकायची असेल तर हालचाल हा शत्रू असतो. एमआरआयच्या बोगद्यात ती शांतता रुग्णाला स्वतःच्या छातीतून आणावी लागते. पोटात पाणी असेल, धाप लागत असेल, तर ते कठीण जातं; अशा रुग्णाला आधी दोन-चार वेळा श्वास रोखण्याचा सराव करून घेणारा टेक्निशियन सोन्यासारखा.

या यंत्रामागचं शास्त्र परक्या देशातून तयार होऊन आलं असं वाटतं, पण त्याच्या पायात मुंबईचाही एक दगड आहे. अणुकेंद्रकं चुंबकात ठेवून रेडिओ लहरींनी डिवचली की उत्तर देतात, हे १९४६ मध्ये कळलं. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन तपासले, तर एका सिग्नलऐवजी तीन वेगळी शिखरं दिसली. रेणूत आपण कुठे बसलो आहोत हे हायड्रोजन स्वतःच सांगत होता. यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचं काम त्यांनी इथे उभं केलं. त्याच १९५१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा सिग्नल कसा बदलतो, ते दाखवलं. वाहतं काय आणि थांबलंय काय, हे या तंत्राला तेव्हापासून कळतं. चित्र काढण्याची युक्ती मात्र सत्तरच्या दशकात पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांनी शोधली. २००३ साली त्यांना नोबेल मिळालं.

पुन्हा यकृताकडे. जाळलेल्या गाठीत एक फसवं प्रकरण असतं. थिजलेलं रक्त आणि शिजलेली ऊती एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात औषध देण्याआधीच पांढऱ्या दिसतात. मग औषध दिल्यावर दिसणारा पांढरेपणा आधीचा की नव्याने आलेला? इथे वजाबाकी कामाला येते. औषधानंतरच्या चित्रातून औषधाआधीचं चित्र संगणक ठिपक्या-ठिपक्याने वजा करतो. जे आधीपासून पांढरं होतं, ते शून्य होऊन काळं पडतं. उरतं ते फक्त नव्याने आलेलं रक्त. शिजलेल्या पिवळ्या हळदीच्या ढिगातून नेमका कोंब फुटू शकणारा कच्चा तुकडा वेगळा निघावा, तसं. अर्थात दोन्ही चित्रांत यकृत अगदी एकाच जागी असावं लागतं, म्हणजे पुन्हा श्वास आलाच.

दुसरी साक्ष पाण्याची. जिवंत कॅन्सरमध्ये पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, त्यांच्यामधल्या पाण्याला हलायला जागा नसते. पेशी मेल्या, भिंती फुटल्या, की पाणी मोकळं हिंडतं. पाण्याच्या रेणूंची ही हालचाल मोजणारं चित्र एमआरआय काढतं. त्याला डिफ्युजन म्हणतात. जिथे पाणी अडलेलं तिथे संशय. ही साक्ष एकटी फाशी देण्याइतकी पक्की नाही, पण धमनीच्या चित्रात जेव्हा ठरत नाही तेव्हा तिचा कौल मोलाचा ठरतो.

सीटी स्कॅन स्वस्त, झटपट आणि सगळीकडे मिळणारा. मग तोच का नको? कित्येकदा तोच केला जातो, आणि चालतोही. पण टेस झालेल्या रुग्णात ते खसखशीचं तेल आडवं येतं. त्यातलं आयोडीन क्ष-किरण अडवतं, त्यामुळे सीटीत तेलाची जागा इतकी पांढरीफट दिसते, की तिच्या शेजारी गाठीचा एखादा जिवंत कोपरा उजळला तरी त्या झगमगाटात हरवून जातो. एमआरआय क्ष-किरण वापरतच नाही. तेल त्याच्या कामात फारसं आड येत नाही आणि कोपऱ्यातला तो सात-आठ मिलिमीटरचा उजेड दिसू शकतो. किरणांचा डोस नसल्याने दर तीन महिन्यांनी तपासणी करतानाही ती चिंता नसते.

तो उजेड कसा आहे, याला फार महत्त्व. जाळलेल्या जागेभोवती एकसारखी, पातळ, गुळगुळीत उजळ कड दिसली तर घाबरायचं कारण नाही. भाजलेल्या कातडीच्या कडेला लाली येते, तशी ती सूज असते आणि काही महिन्यांत ओसरते. पण कडेवर एका बाजूला जाड, ओबडधोबड, गाठीसारखा फुगवटा पेटत असेल, तर तिथे कॅन्सर उरला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने यासाठी ठरवलेल्या भाषेत आता रिपोर्ट लिहिले जातात. या पद्धतीला 'लाय-रॅड्स' म्हणतात. उपचारानंतरच्या गाठींचे नियम तिच्यात २०१७ साली आले. रिपोर्टच्या शेवटी 'एलआर-टीआर' अशी अक्षरं असतात. पुढे 'नॉनव्हायेबल' म्हणजे जिवंत कॅन्सर दिसत नाही, 'व्हायेबल' म्हणजे आहे, 'इक्विव्होकल' म्हणजे सांगता येत नाही, आणि चित्रच बिघडलं असेल तर 'नॉनइव्हॅल्युएबल'. सेंटिमीटरचे आकडे शोधण्याआधी घरच्यांनी हा शब्द शोधावा.

किरणोत्सर्गाच्या उपचारात मात्र अख्खं घड्याळच बदलतं. उष्णता पेशीला मिनिटांत मारते. किरण पेशीच्या आतला आराखडा मोडतात आणि पेशी नंतर, विभागायला गेली की मरते. त्यामुळे यिट्रियमनंतर तीन-तीन, सहा-सहा महिनेही गाठ धमनीच्या क्षणी उजळत राहू शकते, आणि तरी ती मरणपंथाला लागलेली असते. पूर्वी याच उजेडाला जिवंत कॅन्सर म्हणण्याची चूक होई. २०२४ साली लाय-रॅड्सचे नियम म्हणूनच दोन वाटांत विभागले: जाळणं आणि टेससाठी वेगळे, किरणांसाठी वेगळे. किरणांनंतर उजेड आहे पण वाढत नाही, अशा गाठीला आता 'नॉनप्रोग्रेसिंग' म्हणतात आणि थांबून पाहतात. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. घाईने दुसरा उपचार केला, तर त्याची झळ आधीच थकलेल्या यकृतालाच बसते.

एमआरआयची नजरही शेवटी मिलिमीटरची. ज्यांचं पुढे यकृत बदललं जातं, त्यांचं जुनं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतं, आणि स्कॅनवर साफ दिसलेल्या गाठीत कधी कधी तिथे जिवंत पेशींची बेटं सापडतात. म्हणून 'नॉनव्हायेबल' हा शब्द वाचून तपासण्या थांबवायच्या नसतात. जाळल्यावर किंवा टेसनंतर साधारण महिन्याने पहिला स्कॅन, यिट्रियमनंतर बहुधा तीन महिन्यांनी, मग दर तीन महिन्यांनी, आणि सोबत रक्तातलं एएफपी, म्हणजे या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं एक प्रथिन. ते आधी वाढलेलं असेल आणि उपचारानंतर खाली येऊन पुन्हा चढू लागलं, तर स्कॅन स्वच्छ असला तरी डॉक्टर डोळ्यांत तेल घालून शोधतात. सिरॉसिस झालेल्या यकृतात जुनी गाठ मेली तरी दुसऱ्या बाजूला नवी उगवू शकते. तपासणी त्या जमिनीचीही असते.

मूत्रपिंडं फारच कमजोर असतील तर गॅडोलिनियमचा विचार जपून करावा लागतो. जुन्या प्रकारच्या औषधांनी अशा काही रुग्णांची कातडी दगडासारखी घट्ट झाल्याचं २००६ मध्ये लक्षात आलं. आजची औषधं पुष्कळ सुरक्षित आहेत, पण क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट जवळ असावा. एक औषध असंही आहे की जे यकृताच्या निरोगी पेशी स्वतःत ओढून घेतात. त्यात वीस मिनिटांनी काढलेल्या चित्रात सगळं यकृत उजळतं आणि कॅन्सर बहुधा काळ्या भोकासारखा उठून दिसतो.

हळदीच्या जिल्ह्यात हळदीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जेवणातल्या हळदीने यकृताला धोका नाही. पण 'लिव्हर साफ करणाऱ्या' म्हणून विकल्या जाणाऱ्या तीव्र हळद-अर्काच्या कॅप्सूल, विशेषतः मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या, काही माणसांच्या यकृताला गंभीर इजा करतात, हे अमेरिकेतल्या नोंदींतून २०२२ साली पुढे आलं आहे. उपचार झालेल्या रुग्णाला कावीळ झाली की ती कॅन्सरची, उपचाराची, की अशा कॅप्सूलची, हे उकलता उकलता डॉक्टरांचा मौल्यवान वेळ जातो. काय काय घेतो आहोत ते न लाजता सांगावं.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथे ११ लाख ७७ हजार लोक होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची सुरुवात व्हायला २०२४ उजाडलं. यकृताच्या गाठीवर असे उपचार म्हटले, की इथल्या माणसाला नांदेड, छत्रपती संभाजीनगरचं २०१२ साली सुरू झालेलं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा परळचं १९४१ सालचं टाटा, असा रस्ता धरावा लागतो. जालन्यापर्यंत येणारी मुंबईची जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोली डेक्कन स्थानकापर्यंत आली, तेवढी एक सोय झाली. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळाली, तर राहण्याचा घोर मिटतो. पण उपचाराला एकदा गेलेला माणूस तपासणीला तीन महिन्यांनी पुन्हा जाईल का, इथे गाडी अडते. दुखत नाही, जेवण जातं, सोयाबीन काढणीला आलंय, शिवाय आठ दिवसांची मजुरी बुडणार. गाठीचा कोपरा मात्र त्याच काळात पुन्हा धमनीला तोंड लावत असतो, आणि एक सेंटिमीटरवर असताना जो सुईने मिटला असता, तो पाच सेंटिमीटरवर मिटत नाही.

प्रतिबंधाचं काम मात्र गावातच होतं. बाळाला जन्मताच दिली जाणारी हिपॅटायटिस बीची लस २०११ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विषाणूंची तपासणी व औषधं मोफत आहेत. घरात एकाला बी निघाला तर सगळ्यांनी तपासून घ्यावं.

आणि जे तपासणीला निघतात त्यांच्या पिशवीत एक वस्तू असायलाच हवी: मागच्या स्कॅनची सीडी. छापील फिल्मवर शेकडो चित्रांतली मोजकीच असतात, रिपोर्टमध्ये तर नुसते शब्द. रेडिओलॉजिस्टला हवा असतो जुना आणि नवा स्कॅन एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी, धमनीच्या त्याच क्षणाला थांबवलेला. मग तो माउसचं चाक हळूहळू फिरवत यकृतातून वरून खाली उतरतो. डाव्या बाजूला जुलैची जळलेली जागा, उजव्या बाजूला ऑक्टोबरची. दोन्ही काळ्या. कडेवर, फुप्फुसाच्या बाजूला, जुलैमध्ये एक पातळ पांढरी रेघ होती. ऑक्टोबरमध्ये ती नाही. ती सूज होती, ओसरली. सीडी गावीच राहिली असती, तर उत्तर 'इक्विव्होकल' आलं असतं आणि आणखी तीन महिन्यांनी पुन्हा हिंगोली डेक्कनवर गाडीची वाट बघावी लागली असती.